बाईचं नाव मिळालं नाही

सूर माणसांना जोडतात. देश, भाषा, जात यांच्या भिंती सुरांपुढे टिकत नाहीत, आणि ज्याच्या घरात संगीत आहे त्याच्या उंबऱ्यावर एकटेपणा पाऊल ठेवत नाही. उत्कर्ष दिघे याच्या घरात संगीताच्या चारशे बारा कॅसेट होत्या आणि तो एकटा राहत होता.

त्याचे पणजोबा बडोद्याच्या सरकारवाड्यात दफ्तरदार होते. त्यांनी राज्याचे कागद सांभाळले. पणतू कोयलीला रिफायनरीच्या प्रयोगशाळेत तेलाचे नमुने तपासायचा आणि उरलेल्या वेळात जगानं टाकून दिलेली गाणी सांभाळायचा. त्याच्याकडे ताश्कंदच्या गिरणी कामगारांचं समूहगान होतं. नैरोबीतल्या एका गुजराती शेठनं स्वाहिलीत म्हटलेलं विरहगीत होतं. पादरा गावच्या एका बँडमास्तरचं क्लॅरिनेट होतं, आणि युरिया वेळेवर टाकावा असा सल्ला देणारं, पण फार करुण चालीतलं, शेतकी खात्याचं एक गाणं होतं. ते ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. ज्यांना ज्यांना त्यानं ते ऐकवलं, त्यांना घरी काहीतरी काम आठवायचं.

पंच्याण्णव सालचा जानेवारी होता. उत्तरायणाचे फाटके पतंग अजून तारांवर लटकत होते. शुक्रवारच्या जुन्या बाजारात एका गोणपाटावर, मिक्सरची भांडी आणि एकेकटे बूट यांच्यामध्ये, जुन्या रेकॉर्ड्सचा ढीग होता. उत्कर्षनं त्यातली एक उचलली, तर ती येईना. पलीकडून कुणीतरी धरलेली होती.

पलीकडे एक मुलगी होती. बोटांना निळा रंग, वेणीतून सुटलेली एक बट, आणि नजर अशी की आधी हसावं की आधी भांडावं हे अजून ठरायचं होतं.

"सोडा ने," ती म्हणाली.

"तुम्ही ऐकता हे?"

"ऐकायचं काय त्यात? गरम पाण्यात धरली की मऊ होते. मग वाटीवर दाबायची, छान बशी तयार होते. वर पोरं रंग देतात. छाणीच्या शाळेत चित्रकला शिकवते मी."

उत्कर्षला भोवळ यायची बाकी होती. "बशी?" तो म्हणाला. "ही बर्मी हार्मोनियमची रेकॉर्ड आहे. असल्या जगात उरल्या किती असतील, आणि तुम्ही तिच्यात... काय ठेवणार?"

"शेंगदाणे."

गोणपाटावरचा काका दोघांकडे बघून म्हणाला, "बेन ले छे तो भाई रडे छे. हुं कोने आपुं?" द्यावी कुणाला, हे त्याला कळेना.

ती हसली. उत्कर्ष खरोखरच रडवेला झाला होता. तिनं हात सोडला, पण अट घालून – एवढं काय आहे त्यात, ते ऐकवायचं. "नाही आवडलं तर बशी."

तिचं नाव शिवांगी जगदाळे.

त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी कमाटी बागेत, बँडस्टँडजवळच्या बाकावर, कॅसेटींची देवघेव सुरू झाली. बडोद्यातल्या गाण्यांच्या वेड्यांचा एक रिवाज होता: कॅसेटला कॅसेट. कुणाची घेतली की आपली एक द्यायची, म्हणजे उपकार राहत नाही आणि बोलणंही फारसं करावं लागत नाही. शिवांगीकडे द्यायला काही नव्हतं. तिनं शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी केलेला गोंगाट भरून दिला. उत्कर्षनं तो लक्षपूर्वक ऐकला आणि "मागे मधेच एक कोकीळ आहे" असं सांगितलं. त्या दिवशी तिनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

तुम्हीचं तू कधी झालं हे दोघांनाही आठवत नाही. सेवउसळ तिखट लागून तिला ठसका बसला आणि तो "पाणी पी, पाणी पी" म्हणाला, तेव्हाच बहुतेक.

"एक विचारू?" ती एकदा म्हणाली. "तुझी सगळी गाणी परक्या भाषेत का?"

"शब्द कळले की माणूस गाणं ऐकायचं थांबवतो. अर्थ ऐकत बसतो."

"आणि अर्थ ऐकला तर बिघडतं काय?"

"अर्थ काय, सगळ्यांचा सारखाच असतो. कुणीतरी येत नाही, म्हणून कुणीतरी रडतं."

"तुझ्याशी लग्न करणाऱ्या मुलीचं कठीण आहे हं," ती म्हणाली, आणि बोटाचा निळा रंग नखानं खरवडत राहिली.

ह्यावर काहीतरी बोलायचं असतं हे उत्कर्षला घरी गेल्यावर कळलं. त्याला पुष्कळशा गोष्टी घरी गेल्यावर कळत. एक गोष्ट मात्र त्याला ताबडतोब कळायची, आणि तिचा त्याला गर्व होता: सुई टेकल्यावर दोन क्षणांत तो आवाजाचं साल सांगायचा. सगळं जग फसवील, कान फसवत नाही, असं तो म्हणायचा.

एप्रिल आला. बागेतली माती तापलेल्या तव्यासारखी वास सोडू लागली. एका शनिवारी शिवांगी बाकावर बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "पुढच्या रविवारी पाहुणे येतायत. इचलकरंजीचे. राजवर्धन नाव आहे. सूतगिरणी आहे म्हणे."

"छान," उत्कर्ष म्हणाला.

"छान?"

"म्हणजे... सुताला मागणी आहे हल्ली."

तिनं कॅसेट घेतली आणि ती निघाली. वळणावर एकदा मागे पाहिलं. तो उसाच्या रसाच्या गाडीकडे बघत होता. खरं तर तो कुठेच बघत नव्हता, पण तिला तसंच दिसलं असणार.

तोंडानं सांगणं त्याला जमणार नव्हतं, हे त्याला सत्तावीस वर्षं माहीत होतं. तो घरी आला, कोरी कॅसेट काढली, दोन्ही बाजूंना आपल्याकडची सगळ्यात मोलाची गाणी भरली आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी माईक तोंडाजवळ धरला. अकरा वेळा भरलं आणि दहा वेळा पुसलं. अकरावं असं होतं:

"शिवांगी... मी उत्कर्ष बोलतोय. तू आवडतेस मला. गाण्यांपेक्षा. म्हणजे, बऱ्याचशा गाण्यांपेक्षा. तू हो म्हणालीस तर मी शनिवारी येऊन तुझ्या आबासाहेबांशी बोलेन. आमची जात वेगळी, ते चिडतील, पण मी येईन. नाही म्हणालीस तर... पहिली बाजू पुन्हा ऐक, ती चांगली झाली आहे."

सोमवारी त्यानं ती कॅसेट छाणीच्या बस थांब्यावर तिच्या हातात दिली. "शेवटपर्यंत ऐक," एवढंच म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या पाहून ती हसली. बस आली.

मंगळवार गेला. बुधवार गेला. उत्कर्षनं प्रयोगशाळेत एकाच नमुन्याची तीनदा तपासणी केली आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं. गुरुवारी संध्याकाळी शिवांगीची धाकटी बहीण भक्ती सायकलवरून आली, दारातच एक कॅसेट त्याच्या हातात कोंबली, "ताईनं दिलीये, ऐका आणि उद्या बाजारात भेटा" असं म्हणून, का कोण जाणे, लाजून निघून गेली.

त्यानं दार लावलं. कॅसेट लावली. पंखा बंद केला.

चिठ्ठी नव्हती. बोलणं नव्हतं. एक गाणं होतं फक्त, साधारण दोन मिनिटांचं, वाद्यांशिवाय. खरखर, आणि त्या खरखरीतून येणारा एका पोरीचा बारीक, टोकदार, घाईघाईचा आवाज:

*आलास तर उंबऱ्याशी थांबू नको रे,*
*हो म्हणून बसले मी, पुन्हा विचारू नको रे...*

उत्कर्षनं कॅसेट थांबवली. कॅसेटला कॅसेट. त्यानं काळीज भरून पाठवलं होतं, आणि तिनं रिवाजाप्रमाणे, उपकार राहू नये म्हणून, एक दुर्मिळ गाणं परत केलं होतं. किती सभ्य नकार! ओरडली असती, हसली असती तर माणूस भांडला तरी असता. आता भांडणार कुणाशी?

मग त्यानं ते गाणं दुसऱ्यांदा लावलं. केवळ दुःख म्हणून. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकला होता. पाचव्या वेळी त्यानं वही काढली. असला आवाज त्याच्या चारशे बारा कॅसेटींत नव्हता.

शुक्रवारी ती आधीच आली होती. गोणपाटापाशी नुसती उभी होती, अबोली रंगाची साडी नेसून. बाजाराला कुणी असली साडी नेसत नाही.

"ऐकलंस?" तिनं विचारलं. आवाज जेमतेम निघाला.

"ऐकलं."

"मग...?"

"कुठे मिळालं तुला?"

ती गोंधळली. "काय कुठे मिळालं?"

"ते गाणं. रेकॉर्ड कुणाकडे आहे? मूळ कंपनी कुठली?"

मग हळूहळू शिवांगीच्या ओठांवर हसू आलं. थट्टा करतोय, असं वाटलं तिला. "तुला काय वाटतं? तू तर साल सांगतोस ने?"

"बत्तीस," उत्कर्ष म्हणाला. "फार तर तेहतीस. त्या काळी बायका अशाच वरच्या पट्टीत गायच्या. ही तर पोरच आहे, चौदा-पंधरा वर्षांची. शिकलेली नाही. दुसऱ्या ओळीला जरा बेसूर होते."

"बेसूर होते?"

"किंचित. पण ते सोड. आवाज विलक्षण आहे. असा मी आजवर ऐकला नाही."

"नाही ऐकलास?"

"कधीच नाही."

हसू होतं तिथेच राहिलं, पण त्यातली ती निघून गेली. गोणपाटावरच्या काकानं एक बूट झटकून पुन्हा मांडला.

"आणि शब्द?" तिनं विचारलं.

"शब्द काय... कुणीतरी कुणाला तरी हो म्हणतंय."

"हो. कुणीतरी." ती थांबली. "उत्कर्ष, दुसरं काही विचारायचं नाही तुला?"

विचारायचं होतं. पण ज्या बाईनं इतक्या सभ्यपणे नाही म्हटलं, तिला पुन्हा विचारून अडचणीत टाकायचं? दफ्तरदारांच्या घरात असलं कुणी केलं नव्हतं. त्यानं मनात राहिलेला दुसरा प्रश्न विचारला.

"दुसऱ्या बाजूला काय होतं?"

"काही नाही," शिवांगी म्हणाली. "कोरी होती."

"आणि बाईचं नाव?"

"बाईचं नाव मिळालं नाही."

तिनं पदर सावरला, रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली, ती बसली, आणि रिक्षा निघाली, या सगळ्याला एका माणसाला धावत जाता येईल इतका वेळ लागला. उत्कर्षनं तेवढ्यात वहीत लिहिलं: गायिका अज्ञात.

रविवारी पाहुणे आले. त्यांना मुलगी पसंत पडली, आणि मुलीनं चहाचा ट्रे ठेवताठेवताच होकार दिला. इतक्या लगेच, की आबासाहेबांनाही जरा नवल वाटलं. जूनमधलाच मुहूर्त निघाला.

उत्कर्ष लग्नाला गेला. न जाणं हे जाण्यापेक्षा जास्त बोलकं दिसलं असतं. फेटेवाल्या जगदाळ्यांच्या गर्दीत तो एका खांबाला टेकून उभा राहिला. मंगलाष्टकं चालू होती, आणि ती कुणीतरी फारच वाईट म्हणत होतं. शिवांगीनं एकदा वर पाहिलं. तो दिसला. तिनं, एखादी अक्षता डोळ्यात गेल्यासारखी, मान खाली घातली.

पंगतीत वाढायला भक्ती होती. त्याच्या पानासमोर येऊन ती थांबली. "तुम्ही कसे आलात हो इथे? लाज नाही वाटली?"

"मला पत्रिका..."

"ताईनं तुमची कॅसेट मला ऐकवली होती. रडत होती आनंदानं. मग शब्द तिनं स्वतः जुळवले, चाल स्वतः लावली, आयुष्यात कुणासमोर गायली नव्हती ती... आणि तुम्ही? बत्तीस सालची रेकॉर्ड म्हणे! ताई म्हणाली, घाबरला तो. नाही म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून विनोद करून सुटला."

उत्कर्षच्या हातातला घास पानात परत गेला.

"तो तिचा आवाज नव्हता," तो म्हणाला.

"माझ्यासमोर बसून गायली! माझ्याच हातात टेप होता. लगेच लावून ऐकलं आम्ही, हुबेहूब ताई!"

"कधी भरलं?"

"बुधवारी दुपारी. आबासाहेब झोपलेले, लाइट गेलेली..."

"लाइट गेली होती?" त्यानं मान वर केली. "मग टेप कशावर चालवलात?"

"सेलवर. आबासाहेबांच्या ट्रान्झिस्टरमधले काढून घातले. का?"

टेपरेकॉर्डरमधले सेल कमजोर असले की फीत सावकाश सरकते. त्याच टेपवर ऐकलं तर फरक कळत नाही. पण तसं भरलेलं गाणं दुसऱ्या घरी, विजेवर, नेहमीच्या वेगानं लावलं, की आवाज चढतो, घाईला येतो, आणि पंचवीस वर्षांची बाई चौदा वर्षांची होते. कुठलाही कॅसेटवाला पोरगा हे सांगेल. बडोद्यात ही गोष्ट उत्कर्षइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

"नवे होते?" त्यानं विचारलं.

"काय?"

"सेल."

भक्तीनं आमटीची पळी भांड्यात ठेवली आणि जरा आठवून पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "उतरलेले होते."