डावीकडे वळणारा नकाशेवाला

"हात बाजूला पसरा," योगाच्या बाई म्हणाल्या, आणि तिने इतक्या उत्साहाने पसरले की शेजारी आलेल्या नव्या माणसाचा चष्मा उडून थेट कचऱ्याच्या टोपलीत. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चष्मा शोधला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, "आता तुम्ही नीट दिसताय." झालं... तिचा तिथेच निकाल लागला.

शाळांसाठी भूगोलाची पुस्तकं काढणारं ते ऑफिस. तो नकाशे काढायचा, ती प्रुफं तपासायची. दिवसभर माना खाली घालून सगळ्यांचे खांदे दगड झालेले, म्हणून साहेबांनी आठवड्यातून तीनदा, दुपारी चारला, बाईंना बोलावलं होतं. खुर्चीतच बसून कान खांद्याकडे झुकवायचा, बोटं गुंफून हात वर ताणायचे, आणि शेवटी डोळे मिटून कंबरेतून वळायचं. आधी उजवीकडे, मग डावीकडे.

ती त्याच्या डाव्या हाताला बसायची. नद्यांच्या नावांतल्या वेलांट्या विचारायला तो दिवसातून चारदा तिच्याकडे झुकायचा, आणि एका वेलांटीसाठी दहा मिनिटं सहज जायची. किती छान चाललं होतं! पण त्या वळण्यात माशी शिंकली. ती डोळे मिटून उजवीकडे वळली, की बाईंचा आवाज यायचा, "अहो, तुम्ही परत डावीकडे?" आणि मग हसू. एक डोळा किलकिला करून बघावं, तर बाईंचे दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर, त्याला उलटं फिरवताहेत. एकदा नाही, दोनदा नाही — दर वेळी.

तिचा जीव नुसता जळायचा. बाई देखण्या, बोलायला गोड, त्यात खांदे कसे सरळ. आणि हा पठ्ठ्या! पूर्व-पश्चिम ज्याच्या बोटांवर, त्याला उजवं-डावं कळत नाही? कुणाला सांगताय! मुद्दाम चुकतो मेला, बाईंनी हात लावावा म्हणून. त्यात टायपिंगवाल्या मावशींनी आगीत तेल ओतलं. "जोडी शोभते हो," म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्याने वेलांटी विचारली की ती "कोशात बघा" एवढंच म्हणायची. शेवटी तिने साहेबांकडे जाऊन उजेड पुरत नसल्याचं सांगितलं आणि आपलं टेबल पार खिडकीशी, त्याच्या उजव्या बाजूला, हलवून घेतलं. टेबल उचलताना त्यानेच एक बाजू धरली. का, कशाला, काही विचारलं नाही. तिला त्याचंही वाईट वाटलं.

चार वाजले. "आता उजवीकडे." ती डोळे घट्ट मिटून खिडकीकडे वळली आणि नेहमीच्या हसण्याची वाट बघू लागली. पण बाई म्हणाल्या, "अरे वा, आज बरोबर!" तिने चटकन डोळे उघडले. आजच कसं काय?

"आता डावीकडे." ती वळली, आणि गोंधळात डोळे मिटायचं राहूनच गेलं. सगळ्यांची तोंडं डावीकडे... फक्त तो उजवीकडेच वळून बसला होता, आणि बघत होता सरळ तिच्याकडे.

बाई गेल्यावर तिने त्याला जिन्यात गाठलं.

"मुद्दाम चुकता ना तुम्ही?"

"मुद्दामच." तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही माझ्या बाजूला वळता तेव्हा तुमचे डोळे मिटलेले असतात. एरवी इतकं... बघता येतं का?"

"आणि बाई?"

"त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. सांगून टाका म्हणाल्या, नाहीतर मान धरेल."

मान खरंच धरली होती म्हणे, आणि तिने टेबल का हलवलं हे कळेना, म्हणून आज तर तो पार हबकला होता. तिला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस बाईंच्या नावाने बोटं मोडली ती मोडली, वर स्वतःच उठून लांब जाऊन बसली!

"मला तुम्ही आवडता," ती एका दमात म्हणाली. "आणि त्यांनी तुमच्या खांद्याला हात लावलेला मला मुळीच आवडत नाही."

"मग आता बरोबर वळत जाईन."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही चुकाच. मी डोळे उघडे ठेवीन."