दुसरा उकार

आमच्या ऑफिसात तोतये पाळायचं काम माझ्याकडे आहे. असं म्हटलं की लोक हसतात, म्हणून नीटच सांगते. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांसाठी आहे. ते बाहेरच्या लॅबला पेशंटचा रिपोर्ट विचारतं आणि आलेलं उत्तर दवाखान्याला देतं. हे धड चालतंय का ते तपासताना दर वेळी खऱ्या लॅबला कोण छळणार? म्हणून मी खोटी लॅब उभी करते. कॉम्प्युटरच्या आतच एक बंद खोली बांधायची, तिला आम्ही कंटेनर म्हणतो, आणि तिच्यात लॅबचा तोतया बसवायचा. त्याने फक्त मी पढवलेलं बोलायचं. तपासणी संपली की खोलीसकट त्याला पुसून टाकायचं. बाहेरच्या जगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आमच्या टीमच्या मॅडम म्हणतात, तोतया जितका बिनडोक तितका चांगला.

खोटे पेशंट म्हणून आम्ही घरच्यांचीच नावं घालतो. शेजारच्या टेबलावरच्या पठ्ठ्याने सासूला इतक्यांदा आजारी पाडलंय की विचारू नका. खरी सासू ठणठणीत आहे. मी ताईचं नाव घालते. ताई माझी मोठी बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि आता घरात आम्ही दोघीच. ती छापखान्यात मुद्रितं तपासते, आणि घरी आल्यावर मला. तोतयाला मी गंमत म्हणून एक वाक्य पढवलं होतं: ‘काळजी करु नका, पोटभर जेवा.’ ताईने ते पाहिलं असतं तर लगेच म्हणाली असती, ठमे, ‘करू’ला दुसरा उकार, जन्मात शिकणार नाहीस तू. ठमी म्हणजे मी.

मग ताईच्या मानेत गाठ आली. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून लॅबला पाठवला, त्याच लॅबला, जिचे तोतये मी बनवते. ताई निवांत मुद्रितं तपासत बसायची. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्याच दिवसांत तोतया अडखळायला लागला. एरवी विचारायचा अवकाश, उत्तर हजर. ताईचं नाव घातलं की मात्र तो थांबायचा. कुणीतरी खुर्चीतून उठून कपाट उघडून बघावं, तेवढा वेळ. सासूबाईंना लगेच उत्तर मिळायचं. मी खोली पुसली, नवी बांधली, तरी तेच. मॅडमनी येऊन पाहिलं आणि मशीन म्हातारं झालंय म्हणून निघून गेल्या. मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचं नाव घातलं, तर पढवलेल्या वाक्याच्या जागी दोनच शब्द आले.

‘आपण कोण?’

तोतया उत्तर देतो, प्रश्न विचारत नाही. मी माझी प्रत्येक फाइल धुंडाळली. हे शब्द कुठेच नव्हते. कुणीतरी माझी फिरकी घेतंय असं वाटून मान वर केली, तर सगळे जेवायला गेलेले. एसी घरघरत होता. कुणाच्या तरी डब्यातल्या लोणच्याचा वास येत होता. मी टाइप केलं, धाकटी बहीण.

पुन्हा तेवढाच वेळ गेला.

‘काय कळवू?’

खरं सांगते, कामबीम सगळं डोक्यातून गेलं, समोर फक्त ताईची मान दिसत होती. मी तेच वाक्य टाइप केलं, नेहमीच्या चुकीसकट. आणि घाईघाईने खोली पुसून टाकली.

संध्याकाळी ताई दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन आली. डॉक्टरांनी वाचून मान डोलावली म्हणे, आणि सुटलात म्हणाले. कागदावर तिचं नाव होतं, वय होतं, खऱ्या लॅबचा शिक्का होता. निष्कर्षाच्या जागी एकच ओळ.

‘काळजी करु नका, पोटभर जेवा.’

“लॅबवाले प्रेमळ आहेत,” ताई म्हणाली. “शुद्धलेखनाची मात्र बोंब.” तिने केसांत खोचलेली पेन्सिल काढली, पहिला उकार खोडला आणि समासात दुसरा काढून दिला. मग खरंच पोटभर जेवली.

मी हसायला हवं होतं. पण ते उत्तर माझं होतं. मग लॅबचं काय होतं?

मी हट्टाला पेटून तिला दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. तिथे कॉम्प्युटरच नव्हता. मध्यंतरी थोडे दिवस मी तोतयांचं काम दुसऱ्यांकडे सोपवलं होतं आणि कुणालाच काही बोलले नव्हते. ताईने खुणा केलेला तो कागद घरीच कपाटात होता. ताई कुरकुरली, पण आली, आणि पुन्हा तुकडा काढू दिला.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघी गेलो. खिडकीतून पाकीट मिळालं. बाहेरच्या बाकावर बसून मी ते उघडलं.

निळ्या शाईत, थरथरत्या हाताने लिहिलेलं होतं.

‘काळजी करू नका, पोटभर जेवा.’

उकार दुसरा होता.

“बघ, यांना येतं लिहायला,” ताई माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाली. ती समाधानाने हसली, उठली, कॉलर नीट करायला लागली. तिची बोटं मानेवर थांबली.

“ठमे,” ती म्हणाली, “ही वाढलीये का गं?”