सहीआधीची यादी

नगरपालिकेच्या वकीलबाई अकरा वाजता आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, “फाइल गेली! तीनच्या सभेत कायदेशीर मत द्यायचंय. नाही दिलं तर वीस वर्षांचं नाव धुळीला मिळेल.”

खासगी शोधाचं काम करणाऱ्या बाईला सगळे चौकसबाई म्हणत. सोबतीला तिच्या थोरल्या बहिणीचे निवृत्त यजमान, दाजी. दाजींच्या डोक्यात प्रकाश उशिरा पडे. चहा मात्र त्यांना वेळेवर लागे.

फाइल नदीकाठच्या वादग्रस्त इमारतीची होती. पाडू नये, असं मत वकीलबाईंनी लिहून ठेवलं होतं, फक्त सही राहिली होती. काल पाचला त्यांनी स्वतः फाइल कपाटात ठेवली. कुलूप शाबूत होतं.

“पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न,” त्या म्हणाल्या. “मी रजेवर, कामं बदली वकिलाकडे. होणारे व्याही नुकतेच बांधकामाच्या धंद्यात पडलेत, तेही घाईत. त्यात ही शोभा!”

दाजींना त्यांची फार दया आली.

कचेरीत पहिली पाळी अभियंत्याची. “इमारत पाडाच, असं माझं म्हणणं. काल दुपारी मी कपाटाची किल्ली मागून नेली होती, पण तासाभरात परत दिली.”

“हाच!” दाजी कुजबुजले.

“दाजी, फाइल पाचला जागेवर होती.”

मग हेडक्लार्क. दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची. काल संध्याकाळी काही कागद आला का, असं विचारताच ते म्हणाले, “छे, काही नाही.” मग चष्मा पुसत म्हणाले, “सभा महिनाभर पुढे ढकलता नाही का येणार?”

चौकसबाईने टेबलावरची आवक नोंदवही दाजींपुढे सरकवली. कालची शेवटची नोंद हेडक्लार्कच्याच अक्षरात होती: सायंकाळी सहा, इमारतीच्या भागीदारांची सुधारित यादी.

दोन वाजता तिने तिघांना वकीलबाईंच्या खोलीत बसवलं.

“फाइल नष्ट करून कुणाचाच फायदा नव्हता. कुणाला तरी फक्त आजची सही टाळायची होती. महिन्याने सही बदली वकिलाची पडली असती. सहा वाजता यादी आली, ती ज्यांनी नोंदवली तेच नाही म्हणतात. नावं मी पाहिली नाहीत, पण एक नाव बाईंच्या होणाऱ्या व्याह्यांचं असणार. खरं ना, हेडक्लार्क?”

हेडक्लार्कनी आपल्या टेबलाच्या खालच्या कप्प्यातून फाइल आणली.

“बाई, तुमचं मत त्यांच्या फायद्याचं. सही झाली असती तर तुमची सनद गेली असती. सांगावं, तर लग्नघरात विघ्न. माझी मतीच गुंग झाली.”

वकीलबाईंनी फाइलला जोडलेली यादी वाचली. चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि हळूहळू परतला.

“अहो, माझं अशील हे गाव आहे, व्याही नव्हेत. संबंध आहे म्हणून बाजूला होणं हेही माझंच काम. एवढ्यानं लग्न मोडणार असेल, तर आत्ताच मोडलेलं बरं!”

तीनच्या सभेत त्यांनी उभं राहून संबंध जाहीर केला, आपलं मत मागे घेतलं आणि बाहेरचा वकील नेमायला सांगितलं.

चारला व्याह्यांचा फोन आला. वकीलबाई सभागृहाबाहेर उभ्या राहून नुसतं “हो, हो” म्हणत होत्या. दाजींचा जीव टांगणीला लागला.

फोन ठेवून त्या मटकन बाकावर बसल्या आणि हसत हसत रडायला लागल्या.

“ते म्हणाले, अशाच घरची सून हवी होती.”

मग डोळे पुसून त्या हेडक्लार्ककडे वळल्या. “आणि तुम्ही! उद्या दहाच्या आत लेखी खुलासा. लग्नाला मात्र सहकुटुंब यायचं.”