घासलेलं नाणं

भोसरीला शेअर रिक्षातून उतरताना करिष्मानं दहाची नोट आणि पाचाचं नाणं पुढं केलं. मागून उतरलेल्या मुलानं तिचा हात अडवला.

"ते नका देऊ... हे घ्या माझं."

"का? खोटंय का?"

"खरंय. अशी लाखोंनी पाडलीत. पण इतकं कोरं राहिलेलं सापडत नाही." त्यानं नाण्यावरच्या सालाखालचा बारीक तारा दाखवला. "हैदराबादची टांकसाळ. माझ्याकडं आहे, पण झिजलेलं."

"मग घ्या की."

"असं रस्त्यात नाही घेत. कडेनं धरा, बोटं लावू नका. सोमवारी भिंग आणतो, दर्जा सांगतो." मग म्हणाला, "मी गोरक्ष. राजगुरुनगरचा."

करिष्मा चऱ्होलीची. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये तयार पार्ट तपासायची. बारीक ओरखडा दिसला की पार्ट बाजूला. तिनं ठरवलं, दर्जा चांगला निघाला तर नाणं त्यालाच द्यायचं. नाही निघाला, तर बोलायला निमित्त तरी काय उरणार? रविवारी देवाची भांडी घासताना तिनं नाण्यालाही चिंच लावली, काथ्यानं घासलं. नाणं लखलखलं.

सोमवारी गोरक्षनं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"घासलंत?"

"चिंचेनं. तुम्हाला द्यायचं होतं, म्हणून..."

त्यानं भिंग तिच्या हातात दिलं. तिनं पाहिलं. नाणंभर बारीक रेघा. असा पार्ट तिनं एका नजरेत बाद केला असता.

"आता दर्जा काय?"

"काहीच नाही. घासलेल्या नाण्याला दर्जा देत नाहीत."

"आणा इकडं. रिक्षावाल्याला देते."

त्यानं दिलं नाही. नाणी ठेवायची प्लॅस्टिकची पाकिटं त्याच्या पिशवीत होती. तीही काढली नाहीत. नाणं सरळ शर्टाच्या खिशात टाकलं.

"संग्रहातल्या नाण्यांना मी हात लावत नाही," तो म्हणाला.

"आणि याला?"

"याला लावीन की... रोज."

करिष्मा रस्त्याकडं बघत राहिली. तिचे कान तापले होते.

"उद्या भेटाल?" त्यानं विचारलं.

"उद्या सेकंड शिफ्ट आहे. परवा..." ती चालायला लागली, मग वळली. "आणि येताना ते भिंग घरी ठेवून या."