फांद्यावालीचे भरीव गोळे

पहिल्या भेटीत त्यानं तिचा चेहरा नाही, अंगठा पाहिला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बूट-चपला चालत नसत, आणि नेमकं त्या मंगळवारी तिच्या मोज्याला भोक! जुना यंत्रचालक बदलून गेला होता. त्याच्या जागी हा नवा आलेला, उंच, किडकिडीत, चष्मेवाला...

"आत या," तो अंगठ्याला म्हणाला. मग दचकून त्यानं वर बघितलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. तिला हसू आवरेना.

पण पडद्यावर चित्र उमटलं आणि तिचं हसू मावळलं. दोन वर्षं खपून तिनं पॉलिमरच्या लांबलचक रेणूंना फांद्या फुटवल्या होत्या. सगळी प्रयोगशाळा तिला फांद्यावालीच म्हणे. असे रेणू पाण्यात सोडले की आपले आपणच एकत्र येऊन डोळ्यांना न दिसणारे गोळे बांधतात. सरळ रेणूंचे गोळे भरीव होतात. तिच्या फांद्यावाल्या रेणूंचे पोकळ व्हायला हवे होते, म्हणजे आत औषध भरता आलं असतं. पडद्यावर होते ते मात्र भरीव. पुढच्या मंगळवारीही भरीव. त्याच्या पुढच्याही!

"पण फांद्या असल्या की पोकळच का?" चौथ्या मंगळवारी त्यानं विचारलं.

"मिटलेल्या छत्र्या टोकं आत करून बादलीत मावतात ना? उघड्या मावतील का?"

"छे!"

"मग त्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. त्यांची भिंत होते, भिंत वळते आणि गोळा तयार! आतून रिकामा."

"माझ्या डोक्यासारखा."

"तुमच्या डोक्यात काहीतरी असेलच," ती गालात हसली. "दिसत नाही एवढंच... फोकस नीट करा."

मंगळवारची ती वाट बघू लागली होती. गोळ्यांसाठी, असं ती स्वतःला बजावत असे.

आठ मंगळवार गेले आणि तिच्या मार्गदर्शक मॅडमनी निर्वाणीचं सांगितलं, "आता शेवटची संधी. एक तरी पोकळ गोळा दाखव. नाहीतर फांद्यांचं काम बंद, आणि तुझी बदली दुसऱ्या शहरातल्या केंद्रात."

नवव्या मंगळवारी ती आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. पडद्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून या वेळी त्याच्याकडेच बघत राहिली. तिच्या तोंडून बदलीचं ऐकून तो काहीतरी चाचरत बोलत होता आणि त्याच्या हातातली नमुन्याची बाटली खुळखुळ्यासारखी हलत होती.

"अहो! हे काय करताय?"

"काय?"

"बाटली!"

हात जागच्या जागी थिजला.

"बाटली घेऊन जिने चढताना मी श्वाससुद्धा रोखून धरते! या भिंती किती नाजूक असतात, माहितीये? हलवल्या की मोडतात, आणि चुरा गोळा होऊन बसतो. भरीव!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे... आठही वेळा... मीच?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सगळ्यांच्याच बाटल्या अशा खुळखुळवता?"

"नाही." तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "फक्त तुमची. तुम्ही समोर आलात की... हात माझं ऐकतच नाहीत."

रागवायचं विसरून तिनं पिशवीत हात घातला.

"दुसरी बाटली आहे," ती म्हणाली. "तिला तुम्ही हात लावायचा नाही."

"मग हातांचं काय करू?"

तिनं स्वतः तांब्याच्या इवल्या जाळीवर जपून थेंब ठेवला, तो वाळू दिला, जाळी यंत्रात सरकवली. मग त्याचा उजवा हात आपल्या हातात घट्ट धरला. डाव्या हातानं त्यानं कसंबसं बटण फिरवलं.

पडद्यावर गडद कडेची, आतून फिकट वर्तुळं उमटली. एक... चार... पडदाभर!

"पोकळ!" ती किंचाळली. तो पडद्याकडे बघतच नव्हता.

तिनं तिथूनच मॅडमना फोन लावला.

"शाब्बास!" मॅडम म्हणाल्या. "पण आधीच्या आठ वेळा काय चुकलं, ते अहवालात लिहावं लागेल."

"बाटली धरणारा हात हलत होता, मॅडम."

"कुणाचा?"

तिनं आपल्या मुठीतल्या हाताकडे पाहिलं. तो सोडावासा वाटेना.

"माझ्या... माझ्या माणसाचा."

"मग हे अहवालात नको," मॅडम म्हणाल्या. "लग्नपत्रिकेत लिही."