चार मोडक्या बरगड्या

"माझ्या नवऱ्याने, परागने, माझ्या वडिलांना ठार मारलं, असं पोलीस म्हणतायत," रुचिता म्हणाली. तिच्या भुवईवर ताजे टाके होते.

"ही जखम कुणी केली?" खासगी तपासनीस गिरिजा सामंतांनी विचारलं.

"पप्पांनीच. गेल्या आठवड्यात. तेव्हा पराग त्यांना म्हणाला होता, पुन्हा हात उचलला तर जिवंत सोडणार नाही."

गिरिजा रुचिताला घेऊन, सहायक दशरथसोबत तिच्या आईवडिलांच्या गोडदेवच्या फ्लॅटवर पोचल्या. परवा सकाळी तिचे वडील पंढरीनाथ इथेच फरशीवर मृत सापडले होते. चार बरगड्या मोडलेल्या, तोंडाला रक्ताळलेला फेस.

समोर राहणारे सुभाष ठामपणे म्हणाले, "मी खिडकीतून बघितलं ना! पराग छातीवर दणादण मारत होता. ओरडलो तरी थांबेना."

"पराग म्हणतो, वाचवत होतो," दशरथ हसला. "बरगड्या मोडून?"

गिरिजांनी आरामखुर्ची पाहिली. खुर्चीच्या हातावर गुलाबी डाग वाळला होता.

पंढरीनाथांच्या बायकोचा, मंदाबाईंचा, हात प्लास्टरमध्ये होता. "मी बाथरूममध्ये पडले," त्या म्हणाल्या.

"त्यांना गोळ्या कोण द्यायचं?"

"मीच. त्यांना नीट दिसायचं नाही."

औषधांच्या डब्यात एक नवी पट्टी होती. एकच गोळी काढलेली. गिरिजांनी नाव वाचलं, मग दवाखान्याची फाइल उघडली आणि लाल शाईतल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"दशरथ, खुर्चीवरचा गुलाबी डाग फेसाचा आहे. म्हणजे पराग येण्याआधीच त्यांचा श्वास कोंडला होता. त्याने त्यांना खाली घेतलं, छाती दाबली. जोराने दाबली की बरगड्या मोडतात. मारामारीची खूण म्हणून चेहऱ्यावर एक ओरखडाही नाही."

"मग मेले कशाने?"

"रक्तदाबाच्या गोळीने. क्वचित कुणाच्या फुप्फुसात या गोळीने तासाभरात पाणी भरतं. पंढरीनाथांना ते गेल्या वर्षी झालं होतं, मरता मरता वाचले. फाइलमध्ये लाल शाईने लिहिलंय, ही गोळी पुन्हा कधीच देऊ नये. तरी नवी पट्टी आली. मंदाताई, तुम्ही आणलीत."

मंदाबाईंनी मान डोलावली.

"तीस वर्षं मी मार खाल्ला," त्या म्हणाल्या. "हात मोडला तरी गप्प राहिले. पण पोरीचा चेहरा रक्ताने भरलेला बघितला, आणि..." त्यांनी रुचिताच्या टाक्यांकडे पाहिलं. "परागवर आळ येईल असं वाटलं नव्हतं हो. त्याला आधी सोडवा. मी येते पोलिसांत."

त्या उठल्या.

रुचिता धावत जाऊन आई आणि दाराच्या मध्ये उभी राहिली.