बाजूला ठेवलेला रिसीव्हर

तिने दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडात टूथब्रश होता आणि समोर एक अनोळखी तरुण उभा होता. त्याच्या अंगठ्याला निळा रंग लागला होता. दोघांपैकी जास्त कुणी ओशाळायचं, हे काही ठरेना.

"चला," तो म्हणाला. "तुमचा फोन आलाय. परदेशातून."

"कुआआ?" तोंडात फेस असताना 'कुणाचा' एवढाच होतो.

"नाव नाही विचारलं. पण आवाज लग्नाचा वाटला."

चूळ भरून, चपला उलटसुलट अडकवून ती त्याच्यामागे जिना उतरली.

तिच्या घरी फोन नव्हता. वडिलांनी अर्ज केला होता आणि अर्ज केलेला माणूस ज्या शांतपणे म्हातारा होतो, त्या शांतपणे ते होत होते. तोवर समोरच्या इमारतीतल्या काकूंचा नंबर सगळ्यांना देऊन ठेवला होता. परदेशातल्या दादाचा फोन आला की काकू खिडकीतून हाक मारत. ती हाक अशी खणखणीत, की दादाला फोनशिवायही ऐकू गेली असती. पण आजचा फोन दादाच्या ऑफिसातल्या इंजिनिअरचा होता. म्हणजे स्थळाचा.

"स्थळ आलं की खिडकीतून ओरडायचं नसतं," काकूंनी जाहीर केलं होतं. "माणूस पाठवायचा असतो."

माणूस म्हणजे त्यांचा मुलगा. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दुकानं उघडायच्या आत शिडीवर चढायचं, म्हणून पहाटेच बाहेर पडायचा. ती चष्म्याच्या दुकानात कामाला, ती नंतर निघायची. समोरासमोर राहून दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं, ते समुद्रापलीकडून आलेल्या फोनमुळे पाहिलं.

त्या दिवसांत परदेशची लाइन एकदा लागली की सोडायची नसे. पुन्हा लागेल याची खात्री खुद्द टेलिफोन खात्यालाही नव्हती. त्यामुळे दर रविवारी एकच पद्धत. रिसीव्हर टीपॉयवर आडवा निजवायचा, मुलाने धावत जाऊन तिला आणायचं, आणि तोवर इंजिनिअरने तिकडे कानाला यंत्र लावून बसायचं.

तिने काकूंच्या मुलाचं नाव ठेवलं... निरोप्या.

इंजिनिअर वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. हवा कशी आहे विचारायचा, तब्येत कशी आहे विचारायचा, तिचं बोलणं कधी तोडायचा नाही. ती हवा सांगायची, तब्येत सांगायची, फोन ठेवायची. मग शुक्रवारपासून तिच्या पायांना भिंगरी का लागायची? शनिवारी तर तिने एका आजोबांना भलत्याच आजीबाईंचा चष्मा दिला. आजोबा खुशीत घरी गेले, जग बरंच गोड दिसतंय म्हणाले. रविवारी उजाडल्यापासून ती दाराशी फेऱ्या घालायची. कान घंटीकडे नव्हते, घंटी रस्त्यापलीकडे होती. कान होते जिन्यावरच्या पावलांकडे.

"एक विचारू?" एकदा उतरताना ती म्हणाली. "तुम्ही जिना इतका सावकाश का उतरता?"

"पायऱ्या जुन्या आहेत."

"वर तर धावत आलात!"

"वर येताना जुन्या नव्हत्या."

ती हसली. जिनाभर हसली. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि त्याने एकच छत्री आणली होती.

"एकच?"

"फोन एकालाच आलाय ना..."

रस्ता ओलांडताना त्याचा बाहेरचा खांदा पार भिजला, आणि तिला टर्पेंटाइनचा वास जन्मभर पुरेल इतका आवडला. काकूंचं दार उघडंच असे. उंबऱ्याशी आल्यावर दोघं एकदम गप्प व्हायची. मग तो पाण्याचा ग्लास पुढे करायचा.

"आधी श्वास घ्या. तो थांबेल."

"तुम्ही... इथेच आहात ना?"

"घर माझंच आहे."

मग तो रंगीत बोटांनी रिसीव्हर उचलून तिच्या हातात द्यायचा.

"कानाला काय गं हे निळं?" आई घरी विचारायची.

"परदेशचा फोन आहे आई, रंग जातो त्याचा."

असेच रविवार गेले असते, पण दादाने कळवलं : महिन्याच्या शेवटच्या रविवारी होय की नाही ते सांगून टाक. आईने तर ठेवणीतले कपडे काढलेसुद्धा, जणू उत्तर फोनवर दिसणार होतं.

"पुढच्या वेळी उत्तर द्यायचंय," जिन्याच्या वळणावर ती म्हणाली.

"हं."

"हं काय? काय देऊ?"

तो अंगठ्यावरचा रंग खरवडत राहिला. "फोन आमच्या घरी येतो. विश्वासाने येतो. त्यात मी मधेच माझं काही घुसवलं तर... बरं नाही दिसत. निरोप्याने निरोप द्यावा, बाजूला व्हावं."

"आणि निरोप्याला स्वतःचा निरोप नसतो?"

त्याने वर पाहिलं — फार वेळ पाहिलं — आणि खाली पाहिलं.

"चला. तो थांबलाय."

पुढच्या रविवारी काकूंकडे बैठक भरली. आई, वडील, काकू रांगेत. काका पेपरचं एकच पान सकाळपासून वाचत होते. डोकं दुखतंय असं सांगून ती एकटी घरी थांबली होती. बोलवायला कोण येणार, हे तिला ठाऊक होतं.

तो आला. आज झपाझप उतरू लागला.

"आज पायऱ्या जुन्या नाहीत वाटतं?"

"आज... लवकर होऊन जाऊ दे."

त्याने रिसीव्हर दिला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. तिने खोलीकडे पाठ केली, तोंडाभोवती हाताचा आडोसा धरला आणि कुजबुजली, "हॅलो... मला माफ करा. मला नाही जमणार. माझं मन दुसरीकडे आहे."

पलीकडे खरखर.

"ऐकू येत नाही," इंजिनिअर म्हणाला. "जरा मोठ्याने?"

"माझं मन... दुसरीकडे आहे."

काकांचा पेपर डोळ्यांखाली आला.

"लाइन खराब आहे हो. कुणाकडे म्हणालात?"

आता आडोसा निरुपयोगी होता. तिने डोळे मिटले आणि समुद्रापलीकडे पोचेल अशा आवाजात ओरडली, "जो मला बोलवायला येतो, त्याच्याकडे!"

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या गृहस्थांचा शर्ट रस्त्यावर पडला. मग रिसीव्हरमधून इंजिनिअरचा आवाज आला, शेजारच्या खुर्चीतून यावा तसा स्वच्छ.

"मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं."

"मग...?"

"मला काय सांगता? मला केव्हाचं माहीत आहे. तुम्ही येईपर्यंत रिसीव्हर टीपॉयवर असतो. इकडे मी ऐकत असतो. येता येता हसता तुम्ही. दाराशी आलात की दोघंही गप्प. इतक्या रविवारांत माझ्याशी बोलताना एकदाही हसला नाहीत. ज्यांना ऐकू जायला हवं होतं, ते तिथे बसलेत... म्हणून ओरडायला लावलं."

तिचे डोळे भरून आले. "राग आलाय?"

"आलाय थोडा. कुणी पाण्याचा ग्लास दिला तर जाईलही. दादाला मी सांगतो, तुम्ही काळजी करू नका." आणि लाइन, जी कधीच सोडायची नसते, त्याने सोडली.

निरोप्या दारातच उभा होता. घाम पुसायच्या नादात कपाळभर निळा झाला होता. आईने त्या कपाळाकडे पाहिलं, मग लेकीच्या कानाकडे.

"म्हणजे तो रंग—"

"अहो, आता रंगाचं काय घेऊन बसलात," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "स्थळांच्या रांगेत पुढे कोण आहे ते बघा."

काकांनी सकाळपासूनचं पान अखेर उलटलं. वडील बराच वेळ विचारात होते.

"मग फोनचा अर्ज," त्यांनी विचारलं, "मागे घेऊ का?"

त्यानंतरच्या रविवारी कुठूनही फोन येणार नव्हता. तरी ती पहाटेच उठली, दात घासले, वेणी दोनदा घातली, दोनदा सोडली. दाराशी गेली, परत आली. जिन्यावर पावलं वाजली... धावत येणारी. ती थांबली, श्वास घेतला, दार उघडलं.

"चल," तो म्हणाला.

"कुणाचा फोन?"

"कुणाचाच नाही."

तिने दार ओढून घेतलं. त्या दिवशी पायऱ्या फारच जुन्या झाल्या होत्या.